वॉरंटी जर्मनीची, भाव दुबईचा

शिवगोंडाअण्णांच्या घरी गेलं की पाण्याच्या आधी प्रश्न येतो. "पावणं, तुमच्यातलं कोण परदेशात हाय?" कोणी नाही म्हटलं की अण्णांचा चेहरा पडतो आणि चहा येतो तोही फिक्का. हो म्हटलं की आल्याचा चहा, वर आजऱ्याचे काजू, आणि मग दुसरा प्रश्न. "मग त्यास्नी जरा दुकानात जाऊन इचाराय सांगा की. तिथं पियानोला वॉरंटी किती देत्यात?"

आमच्या राजारामपुरीच्या गल्लीत हल्ली घराआड एक पोर परदेशात आहे, त्यामुळे अण्णांचं जाळं मोठं. एकाचा मुलगा जपानात, एकाची सून दुबईत, माझी लेक केतकी जर्मनीत. सुट्टीच्या दिवशी अण्णांनी तिला बर्फातून दुकानात पाठवलं, डिजिटल पियानोची अगदी डावीकडची पट्टी दाबायला लावली आणि तो आवाज रेकॉर्ड करून मागवला. अण्णांना सुरातलं ओ की ठो कळत नाही. त्यांनी फोन कानाशी धरला, डोळे मिटले आणि म्हणाले, "बेरिंग चांगलं वाटतंय."

बेरिंग का, तर अण्णांचं सगळं आयुष्य इचलकरंजीत यंत्रमागाचे सुटे भाग विकण्यात गेलं. दुकान आता मुलगा बघतो आणि अण्णा-अक्का कोल्हापुरात राहतात, पण दुकान काही अण्णांच्या डोक्यातून उतरलेलं नाही. मिक्सर घ्या, छत्री घ्या, नाहीतर मुलीसाठी स्थळ बघा, अण्णांचं एकच. "माल कोण बी इकतंय वैनी. मागं कोण हाय ते बोला." आणि माग जसा एकीकडचा सांगाडा, दुसरीकडचं चाक असा जुळवून उभा करतात, तसाच पियानोही जुळवता येईल अशी त्यांची खात्री. पियानो जपानचा, वॉरंटी जर्मनीची आणि भाव दुबईचा. "वॉरंटी तेवढी सुटी इकत मिळंल काय?" असं त्यांनी केतकीमार्फत त्या दुकानदाराला विचारलं होतं. तो काय म्हणाला ते केतकीने मला सांगितलं नाही.

एकदा तर कहर झाला. गल्लीतले एक वयस्कर गृहस्थ वारले, म्हणून आम्ही भेटायला गेलो. अण्णा त्या गृहस्थांच्या मुलाजवळ बसले, त्याच्या पाठीवरून हात फिरवला, स्वतःच्याही डोळ्यांत पाणी आणलं. ते पाणी खरं होतं, हे मी शपथेवर सांगते. मग डोळे पुसून हळूच म्हणाले, "सिंगापूरहून आलायसा न्हवं? तिथं पियानो..." मी त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं.

हसू येतं खरं, पण या खटाटोपामागचं कारण हसण्यासारखं नाही. अण्णांची बायको शांताक्का म्हणजे आमच्या महिला भजनी मंडळाची पेटी. मी टाळ वाजवते, पण टाळ काय, कुणीही वाजवतं. अक्कांची पेटी सुरू झाली की आमच्यासारख्या बेसूर बायकासुद्धा आपोआप सुरात यायच्या. मग अक्कांना अर्धांगाचा झटका आला. वाचा वाचली, चालायलाही लागल्या, डावा हात मात्र गेला. पेटीला दोन हात लागतात. उजवा सुरांवर आणि डावा भात्यावर. "हात हाय, पर ऐकत न्हाय," एवढंच त्या म्हणायच्या.

आम्ही पेटीविना गाऊ लागलो, म्हणजे ओरडू लागलो. अक्का भिंतीकडेच्या खुर्चीवर बसून उजव्या हाताची बोटं मांडीवर नाचवायच्या. पुढेपुढे तर त्या यायच्याच बंद झाल्या. पाय दुखतात म्हणाल्या. पाय दुखत नव्हते, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. तेव्हाच कोणीतरी सुचवलं की विजेवरच्या पियानोला भाता नसतो, एका हाताने वाजवता येतो. आणि अण्णा कामाला लागले.

लागले ते लागलेच. थंडी गेली, उन्हाळा गेला, पाऊस गेला, दिवाळी आली तरी पियानो काही येईना. जपानचा स्वस्त, पण तिथली वीज कमी दाबाची. दुबईचा बरा, पण दुरुस्तीला परत दुबईलाच पाठवायचा. शेवटी केतकीनेच खरं काय ते सांगितलं. ज्या देशात घ्याल, वॉरंटी बहुतेक त्याच देशात चालते. म्हणजे सगळं जग पालथं घालून उत्तर आमच्या कोल्हापुरातच होतं. मी शाहूपुरीतल्या एका दुकानात चौकशी केली. तसाच पियानो होता, वॉरंटी इथलीच, आणि जकात, वाहतूक धरली तर भावही फारसा वेगळा नव्हता. आनंदाने मी सकाळीच अण्णांकडे गेले.

दार लोटलेलं होतं. आतून पेटीचे सूर येत होते. मी जागीच थांबले.

टेबलावर पेटी होती. एका बाजूला खुर्चीवर अक्का, त्यांचा उजवा हात पट्ट्यांवर. समोरच्या खुर्चीवर, भात्याच्या बाजूला, अण्णा. दोघं समोरासमोर, मधे पेटी. अण्णा भाता हलवत होते, पण कसा, तर जोरात दोन हिसके आणि मग काहीच नाही. सूर फुगायचा आणि एकदम बसायचा.

"हळू की! माग वडताय व्हय?" अक्का ओरडल्या. थोड्या वेळाने सूर पुन्हा मेला. अण्णा अक्कांच्या तोंडाकडे बघत राहिले होते आणि हात थांबला होता. "सुम्न कुंद्री," अक्का कानडीत करवादल्या. अक्का चिक्कोडीकडच्या; रागावल्या की गप्प बसा हे कानडीतच सांगतात. मग दोघंही हसली.

मी खाकरले. अण्णा चोरी पकडल्यासारखे उठले. मी दुकानाचं सांगितलं, तर त्यांनी लगेच खोट काढली. दुकान नवं हाय, टिकंल कशावरनं? माझं डोकंच फिरलं. "अण्णा," म्हटलं, "तुम्हाला पियानो घ्यायचाच नाहीये!"

अण्णा मला सोडायला फाटकापर्यंत आले. फाटकाची कडी चाचपू लागले.

"घ्यायचा हाय वो वैनी," ते म्हणाले. "पर त्यो आला की मी कुठं बसू? जन्मभर मी दुकानात आन ती पेटीवर. पेटी वाजवताना तिचं तोंड कसं दिसतंय, मला म्हाईतच न्हवतं. आता कुठं समोर बसाय मिळतंय."

मी फाटकाबाहेर टाकलेलं पाऊल मागे घेतलं.

"आन मंडळात तर मला भात्याला नेता यायचं न्हाय," ते पुढे म्हणाले. "बायकांत पुरुषाला कुठं बसवणार? ती घरातच झुरतीया, ते बी दिसतंय मला." मग कडी सोडून म्हणाले, "उद्या चला दुकानात."

दुसऱ्या दिवशी आम्ही अक्कांनाही घेऊन दुकानात गेलो. दुकानदार एक पन्नाशीची बाई होती. अण्णांनी सवयीप्रमाणे तिलाही विचारलं, मागं कोण हाय? ती म्हणाली, "मी हाय की. बिघडला तर फोन करा, घरला येऊन बघीन." अण्णांनी सगळ्या जगाला जो होकार दिला नव्हता तो तिला दिला.

सोमवारी आमचं मंडळ अक्कांच्याच घरी जमलं. पियानो भिंतीशी मांडला होता, आवाज पेटीसारखा लावलेला. अक्का नवी इरकल नेसून बसल्या होत्या. अण्णांनी बायकांना सतरंज्या अंथरून दिल्या, पाणी दिलं, आणि आता आपलं इथे काय काम अशा चेहऱ्याने चपला शोधायला लागले. पाठमोरे अण्णा मला बघवेनात.

"अवो," अक्कांनी हाक मारली. "कुठं निघालासा? हिकडं या. माझ्या डाव्या अंगाला खुर्ची घ्या."

अण्णा संकोचून बायकांमधून वाट काढत आले. अक्कांनी उजव्या हाताने त्यांचं बोट धरून एका पट्टीवर ठेवलं. "ह्यो एवढा सूर दाबून धरा. माझा डावा हात न्हाय, मग ह्यो कोण धरणार?"

"किती येळ?"

"मी सोडा म्हनीन तवर."

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. अण्णांनी एकाऐवजी दोन बोटं ठेवली, घट्ट, आणि मान वळवून अक्कांकडे बघू लागले. सूर जराही हलला नाही. अक्कांनी भजन धरलं.

त्या पियानोत तंबोऱ्याचा सूर आपोआप चालू ठेवायचं बटण आहे. दुकानात त्या बाईंनी ते अक्कांना दाखवलं होतं, अक्कांनी स्वतः दाबूनही बघितलं होतं. मी शेजारीच उभी होते. मी टाळ उचलले.