बेस आणि बदके

"उद्या परीक्षक यायच्या आत सगळे बेस कव्हर झालेले हवेत, आणि बदकं एका ओळीत!" अशी आज्ञा देऊन संचालिका मार्लिस होकस्ट्रा आपल्या दालनात गेल्या. बाई नुकत्याच अमेरिकेतल्या ओहायोहून इंग्लंडातल्या स्टॅफर्डशरमधील मार्लब्रुकच्या लहानशा मृत्पात्र-संग्रहालयात रुजू झाल्या होत्या. परीक्षकांची मर्जी बसली नाही, तर संग्रहालयाच्या दारास कायमचे कुलूप लागणार होते.

पहारेकरी हॉरेस बॅगनल चहापाणी पाहणाऱ्या ईनिड कोलक्लोकडे वळला.

"बेस म्हणजे बूडच ना गं, बदका?"

"दुसरं काय असणार? पण ते झाकायचं कशाला?"

"अमेरिकेत बूड दाखवणं असभ्य असेल!"

ईनिडची शंका रास्त होती. मार्लब्रुकची माणसे कुंभारांची वंशज. लग्नाच्या मेजवानीतही आधी रिकामी बशी उलथी करून कारखान्याची मुद्रा पाहतील, मगच वाढून घेतील. बूड हे त्यांच्या लेखी पात्राचे कुलगोत्र. तथापि आज्ञा ती आज्ञा. सायंकाळपर्यंत हॉरेसने यच्चयावत् पात्रांच्या बुडांना हिरवी बनात, म्हणजे जाड लोकरी कापड, पक्क्या सरसाने चिकटवली. 'सगळे' म्हटल्यामुळे ईनिडचा दुधाचा बुटका जगही सुटला नाही.

"आणि बदकं कुठून आणायची?" ईनिडने विचारले.

"आणायची कशाला? गावात जो तो एकमेकाला लाडानं बदकच म्हणतो. आपणच उभं राहायचं!"

दुसऱ्या दिवशी ईनिड दूध घेऊन प्रदर्शनाच्या दालनातून चालली असता फाटक वाजले. "बदका, धाव! ओळ!" हॉरेस ओरडला. तिने भरलेला जग समोरच्या प्रदर्शनाच्या मेजावर टेकवला आणि ती धावली. माळी, तिकीटवाली, हॉरेस आणि ईनिड अशी चौघे दाराशी ताठ उभी राहिली. परीक्षक सिरिल थर्सफील्ड त्यांना गोंधळून अभिवादन करीत आत गेले; ओळही त्यांच्या मागोमाग आत आली.

बाईंसमोर परीक्षकांनी पहिले पात्र उलथे केले. हिरवी बनात. दुसरे, तिसरे, तीच गत.

"मुद्रा कुठं आहेत हो, बाई?"

बाई पांढऱ्याफटक पडल्या. "मिस्टर बॅगनल! हे काय?"

"बेस, बाई. कव्हर केलेत. बदकं ही काय, ओळीत उभी आहेत."

"अहो, तो बेसबॉलचा बेस! चेंडू कुठंही गेला तरी तिथं आपला माणूस हवा. म्हणजे तयारीत कसर नको! आणि बदकं म्हणजे सगळं जागच्या जागी!"

"मग तसंच सांगायचं की! आम्ही क्रिकेटवाली माणसं."

"असू द्या," परीक्षक मानी स्वरात म्हणाले. "मुद्रा वाचणं हे नवशिक्यांचं काम." चष्मा काढून खिशात ठेवीत ते पात्रामागून पात्र न्याहाळू लागले. एका बुटक्या जगापाशी त्यांची पावले थबकली. ते श्रद्धेने वाकले.

"अहाहा! काय घाट! आणि आतला हा शुभ्र लेप... अजून ओला वाटतो!"

"साहेब, ते म्हणजे—" ईनिडने तोंड उघडले. हॉरेसने तिच्या पायावर बूट दाबला.

"असं रत्न जिथं आहे, ते संग्रहालय बंद कसं होईल? याला आत्ताच्या आत्ता काचेच्या कपाटात ठेवा. कुलूप लावा. कुणी हात लावायचा नाही!"

एक थेंबही न सांडता हॉरेसने आज्ञा पाळली. बाईंच्या डोळ्यांत पाणी तरळले. परीक्षक समाधानाने खुर्चीत विसावले.

"आता चहा होऊन जाऊ द्या," ते म्हणाले, "आणि दूध जरा सढळ हातानं!"

चारही बदकांनी एकाच वेळी कपाटाकडे पाहिले.