आमच्या गाडीची बोलती बंद

एखादं काम मनावर घेतलं, की ते पूर्ण करूनच सोडायचं, हा माझा बाणा आहे. आमच्या गाडीचं काम तर मी इतकं पूर्ण केलं, की त्यानंतर त्या गाडीचं कुणालाच काही करता आलं नाही! पण ते पुढे येईल. आधी गाडीची ओळख करून देतो.

ही गाडी वडिलांनी माझ्या जन्माच्या आधी घेतली, त्यामुळे घरात तिचा मान थोरल्या लेकीचा. मला ताप आला तर बाबा म्हणायचे, उतरेल. गाडीला आला तर रजा टाकायचे. आम्ही सगळे तिला म्हातारी म्हणतो. दिसायला अजूनही झोकदार आहे. गोल दिवे, चकचकीत जाळी, दारांची मूठ धरली तर हात मिळवल्यासारखं वाटतं. रस्त्यात लोक थांबून तिचे फोटो काढायचे. आत बसलेल्यांचे चेहरे त्या फोटोंत नीट यायचे नाहीत, हे एक बरं होतं. कारण आत बसणं म्हणजे पिठाच्या गिरणीत, शेगडीवर पाय ठेवून बसणं!

बायकोचा आणि म्हातारीचा पहिल्यापासून छत्तीसचा आकडा. एकदा चढावर तिच्या चपलेचा तळ तापलेल्या पत्र्याला चिकटला आणि ती एका पायाने अनवाणी उतरली. तेही तिनं सोसलं. पण मागे एकदा सिग्नलपाशी कडेलोट झाला. म्हातारीत बोलायचं म्हणजे ओरडूनच बोलायला लागायचं. बायको माझ्या ऑफिसातल्या साहेबांविषयीचं आपलं मत ओरडून सांगत होती. वाक्य अर्ध्यावर आलं आणि इंजिन बंद पडलं. उरलेलं अर्धं वाक्य, म्हणजे "अक्कल गुडघ्यात आहे त्या माणसाची," अख्ख्या चौकानं ऐकलं. शेजारच्या गाडीत साहेब होते. त्यांची काच खाली होती.

त्या संध्याकाळी बायकोनं जाहीर केलं, की म्हातारी विकायची. गिऱ्हाईक तयारच होतं. हमरस्त्यावरचे एक हॉटेलवाले वर्षभर मागे लागले होते. त्यांना ती दारात उभी करून आत फुलझाडांच्या कुंड्या ठेवायच्या होत्या. कुंड्या! बाबांनी ताटातला घास ताटातच ठेवला. बाबा ऐंशीला टेकलेत. आई गेल्यापासून सकाळी उठून म्हातारीला फडक्यानं पुसायचं आणि पुसता पुसता तिला पेपरातल्या बातम्या सांगायच्या, एवढाच त्यांचा दिनक्रम उरला होता. ते ताट पुढे सारून बसले. माझ्याकडे बघत राहिले, आणि मला ते बघवेना.

"मला महिना दे," मी बायकोला म्हटलं. "या गाडीत तू कुजबुजलीस तरी ऐकू येईल आणि पायाला गारवा लागेल."

तिनं करार केला. पुढच्या महिन्यात तिच्या बहिणीच्या नव्या घरी जेवायला जायचं होतं, शंभर किलोमीटरवर. तिथवर डोकं न दुखता, घाम न येता आणि आवाज न चढवता पोचलो, तर म्हातारी राहील. नाहीतर कुंड्या.

मी कामाला लागलो. चार संध्याकाळी व्हिडिओ बघून मी या विषयातला जाणकार झालो. (पाचव्या संध्याकाळी मी ऑफिसात इतरांना सल्लेही देऊ लागलो.) तत्त्व सोपं आहे. पत्रा थरथरतो म्हणून आवाज होतो, तापतो म्हणून आपण तापतो. तेव्हा पत्र्यावर आधी डांबराची चिकट चादर, तिच्यावर चंदेरी कागद, त्याच्यावर दाबलेल्या लोकरीचा जाड नमदा. मी सीट काढल्या, जुना गालिचा उपटला, गंज घासला. डांबरी चादर गरम करून दाबावी लागते. त्यासाठी बायकोचा हेअर ड्रायर आणि स्वयंपाकघरातलं लाटणं वापरलं. दोन्ही वस्तू देशसेवेत कामी आल्या असं समजायचं.

आमचा मिस्त्री एकदा बघायला आला. हा माणूस मोजकंच बोलतो आणि नेमकं मला न आवडणारं बोलतो.

"एक थर पुष्कळ झाला, साहेब," तो म्हणाला. "आणि हे करायच्या आधी काटे बसवून घ्या. वेगाचा चालत नाही, इंजिनाच्या तापाचा चालत नाही. बिनकाट्याची गाडी आहे."

"तीस वर्षं काट्यांवाचून काही अडलंय का?" मी विचारलं.

"तेच तर म्हणतोय मी," असं काहीतरी पुटपुटत तो गेला. मला त्याचा अर्थ लागला नाही. लावायचा प्रयत्नही केला नाही, कारण हातात लाटणं होतं.

मी तीन थर दिले. एकाने पुरतं तिथे तिनाने किती पुरेल! जमिनीला दिले, छताला दिले, दारांच्या पोटात दिले. इंजिन आणि आपले पाय यांच्यामधल्या पत्र्याला तर चार दिले. गियरच्या दांड्याला बुडाशी नमद्याचा गळपट्टा बांधला, कारण तिथून गुरगुर यायची. पुढच्या खणाचं झाकण खडखडायचं, त्याच्या आत पट्टी चिकटवली. मागची काच घूं घूं करायची, तिच्या कडेला स्पंज कोंबला. सीट परत बसवल्या तेव्हा जमीन वर आली होती आणि छत खाली. बाबा आत बसले तर टोपी काढावी लागली. दारं लावायला दोन माणसं लागत, एक आतून ओढायला आणि एक बाहेरून ढकलायला. पण मोबाइलवर आवाज मोजला आणि मी धन्य झालो! गाडी चालू असताना आत जेवढा आवाज, त्यापेक्षा आमच्या बैठकीत जास्त होता.

ठरल्या रविवारी आम्ही निघालो. मी चालवायला, बायको शेजारी, बाबा मागे. किल्ली फिरवली. काहीच ऐकू आलं नाही, म्हणून पुन्हा फिरवली. कुठूनतरी लांबून दात खाल्ल्यासारखा आवाज आला.

"चालू आहे ती," बाबा म्हणाले.

तेवढं सोडलं तर प्रवास म्हणजे स्वर्ग होता! बायको तिच्या नेहमीच्या आवाजात बोलत होती आणि मला शब्द न् शब्द कळत होता. लग्नाला अकरा वर्षं झाली, पण गाडीत मी आजवर नुसती मान हलवत आलो होतो. तिला इतकं गमतीदार बोलता येतं हे मला माहीतच नव्हतं. तिच्या पायाला गारवा लागत होता. तिनं तर चपला काढून मांडी घातली.

बाबा मात्र मागे चुळबुळत होते. त्यांनी विचारलं, कितव्या गियरमध्ये आहेस? मी म्हटलं, चौथ्या. त्यांनी विचारलं, वेग किती? मी म्हटलं, साठ तरी असेल. तेवढ्यात एक स्कूटर आम्हाला मागे टाकून गेली. मागे बसलेल्या बाई विणकाम करत होत्या. लोक हल्ली फारच जोरात चालवतात, असं माझं मत पडलं.

पुढे तर रस्त्यानं जाणारा येणारा हात करू लागला. एक ट्रकवाला दोन्ही हात हवेत नाचवत गेला. कडेच्या टपरीवरची माणसं उठून उभी राहिली आणि त्यांतल्या एकानं कानात बोटं घातली. मी सगळ्यांना हसून हात केला. जुन्या गाडीला असा मान मिळतोच.

"हे लोक हात का करतायत?" बाबांनी विचारलं.

"कौतुक आहे, बाबा."

"मग कानात बोटं का घातली त्यानं?"

मी आणखी एकाला हात केला. घाटाचा चढ लागला होता. बायको बाहेर बघत होती. ती वळून माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, "अहो, राहू दे. नाही विकायची आपण म्हातारी."

तुम्हाला सांगतो, माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. आरशात बघितलं तर बाबाही डोळे पुसत होते. आयुष्यात एखादाच असा क्षण येतो, जेव्हा बाप, बायको आणि गाडी एकाच वेळी आपल्यावर खूश असतात. माझ्या बाबतीत तो अर्धं मिनिट टिकला.

"आणि बघा ना," बायको म्हणाली, "पुढे धुकं किती छान पडलंय!"

"दुपारी साडेबाराला?" बाबा म्हणाले.

धुकं आमच्याच बॉनेटमधून येत होतं. मी गाडी कडेला घेतली. घेतली म्हणजे काय, ती आपली आपणच थांबत होती. इंजिन बंद पडलेलं आम्हा तिघांपैकी कुणालाही कळलं नव्हतं. एकमेकांच्या मदतीनं दार उघडलं, तसा करपलेला वास आत आला आणि बॉनेटखालची सूंऽऽ अशी शीळ पहिल्यांदा कानावर पडली.

गियर दुसऱ्यात होता. दुसरा आणि चौथा दोन्ही दांडा मागे ओढूनच पडतात, फरक फक्त डावीकडे की उजवीकडे एवढाच. माझ्या नमद्याच्या गळपट्ट्यानं दांड्याला उजवीकडे जाऊच दिलं नव्हतं. म्हणजे चाळीस किलोमीटर म्हातारी दुसऱ्या गियरमध्ये जीव तोडून बोंबलत आली होती. ते सगळ्या रस्त्याला ऐकू येत होतं, फक्त आम्हाला नाही.

बाबांनी बॉनेटवर हात ठेवला आणि चटका बसून मागे घेतला. मग कडेच्या दगडावर बसून त्यांनी मला समजावलं. त्यांनी मला गाडी शिकवली तेव्हाच काटे बंद होते. खणाचं झाकण खडखडलं, की चाळीस. मागची काच घूं घूं करायला लागली, की पन्नास. गुरगुर वाढली, की गियर बदल. आणि चढावर तळपायाला चटका बसला, की थांब, पाणी घाल. तीस वर्षं मीसुद्धा असाच चालवत होतो, फक्त मला ते ठाऊक नव्हतं. मी एकेक करून तिचे सगळे काटे बुजवले होते, वर चिकटपट्टी लावून.

"ती ओरडत नव्हती रे," बाबा म्हणाले. "सांगत होती. तू तिचं तोंडच बांधलंस."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बायकोनं बाबांना पाणी दिलं आणि रिकामी बाटली माझ्या हातात ठेवली. त्या दिवशी ओरडली असती तर बरं झालं असतं.

मिस्त्री म्हातारीला ओढून घेऊन गेला. दोन दिवसांनी निकाल आला, इंजिन जाम. जे भाग लागतात ते बनवणारा कारखाना कधीच बंद झालाय. बायको स्वतः गॅरेजमध्ये गेली आणि दुसरं इंजिन बसेल का विचारून आली. तिनं आणखी दोन मिस्त्र्यांना विचारलं. सगळ्यांनी नकारच दिला. हॉटेलवाल्यांना इंजिनाशी कर्तव्यच नव्हतं. ते एवढंच म्हणाले, की कुंड्या मावल्या म्हणजे झालं.

कुंड्या मावल्या नाहीत! माझ्या तीन थरांमुळे जमीन आणि छत यांच्यात झाडाला उभं राहायला जागाच उरली नव्हती. मग त्यांनी नुसतीच गाडी दारात उभी केली. एका दुपारी त्यांचा मॅनेजर फोनवर बोलायला आत जाऊन बसला, तो तासाभरानं घोरताना सापडला. हमरस्त्यावर, भर उन्हात, एवढी गार आणि शांत जागा त्या अख्ख्या हॉटेलात दुसरी नव्हती. तेव्हापासून लोक चहा घेऊन म्हातारीत बसतात. आता तर दारात पाटी लागली आहे, गाडीत बसण्यासाठी आधी नाव नोंदवा.

गेल्या रविवारी आम्ही तिघं गेलो. आमचा नंबर चौथा होता. स्वतःच्या गाडीत बसायला तासभर ताटकळलो. मग मी चाकामागे, बायको शेजारी, बाबा मागे, असे बसलो. वेटरनं बाहेरून दार ढकललं आणि सगळं कसं चिडीचूप झालं. बायकोनं चपला काढून मांडी घातली, चहाचा घोट घेतला आणि म्हणाली, "आता कशी बसण्यासारखी झाली." टोमणा नव्हता तो. तिला खरंच तसं वाटलं होतं, म्हणून मला जास्त लागलं.

चहा संपला. मग बाबा दोन सीटच्या मधून पुढे वाकले. त्यांनी खणाचं झाकण उघडलं, मी आत चिकटवलेली पट्टी नखानं हळूहळू सोलून काढली आणि झाकण बोटानं हलवलं. ते खडखड वाजलं.

"चाळीस," बाबा म्हणाले.

"सावकाश हो, घाई नाही," बायको समोर बघत म्हणाली.

मी मुकाट्यानं ब्रेककडे पाय नेला. नमदा आडवा आला.