दोन बोटं वाढतं माप

सकाळी साडेनऊला नणंदेचा फोन आला, तेव्हा ती एका हाताने दूध गाळत होती आणि दुसऱ्या हातावर दहा महिन्यांच्या लेकीला तोलत होती. फोन खांद्याने कानाशी दाबून धरला होता. खरं तर तो शेजारच्या खोलीत ठेवला असता तरी चाललं असतं. नणंद मुख्याध्यापिका होती, आणि तिचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचायची सवय झालेला होता.

"पंखा बसला का?"

"आज बसवतायत, ताई."

"आज? अगं, आज निघायचंय ना तुम्हाला?"

"संध्याकाळी निघू. दुपारपर्यंत होतंय म्हणतायत."

"कोण म्हणतंय? माझा भाऊ की माझा बाप?"

"दोघंही."

"म्हणजे होत नाही," ताईंनी निकाल लावला. "ऐक. मी चार वाजता येते. पंखा बसलेला असला, तर जा कुठे उंडारायचंय तिथे. नसला, तर पोरीला त्या धुराड्यात न्यायचं नाही. चौघंही सरळ माझ्याकडे चला. सगळे जमलेच आहेत."

'सगळे' म्हणजे सतरा माणसं. त्यातल्या प्रत्येकाचं बाळाबद्दल एक मत होतं आणि काहींची दोन होती. टोपी का नाही घातली? टोपी कशाला घातली? अजून रांगत नाही? एवढी काय रांगते? ती मनातल्या मनात त्या सतराजणांच्या मांडीवरून बाळाला फिरून येताना बघत होती. दहा महिन्यांत पहिल्यांदा चार दिवस मिळणार होते. तळ्याकाठी गाडी उभी करायची, पाय पाण्यात सोडायचे आणि चहा शेवटच्या घोटापर्यंत गरम प्यायचा, एवढंच तिने ठरवलं होतं. यापेक्षा मोठं स्वप्न बघायला हल्ली तिला वेळच नसायचा.

ताईंचं मात्र अगदीच चुकत नव्हतं. दारापुढे उभी असलेली ती कॅरॅव्हॅन, म्हणजे गाडीच्या मागे जोडून ओढत न्यायचं चाकांवरचं घर, नवऱ्याने हौसेने जुनी विकत घेतली होती. पहिल्याच, एका रात्रीच्या मुक्कामी तिने एक ऑम्लेट टाकलं. शेगडीवरचा पंखा जिवाच्या आकांताने घरघरला, पण बाहेरच्या भिंतीवरचं त्याचं प्लॅस्टिकचं झाकण उन्हाने वितळून गच्च बसलेलं होतं. धूर गेला नाही. छताला लावलेला, धूर झाला की वाजणारा भोंपू केकाटला, त्यावर बाळ केकाटलं, आणि आजूबाजूच्या सहा गाड्यांमधली माणसं कुठे आग लागली ते बघायला झोपेच्या कपड्यांत बाहेर आली. तेव्हा नवा पंखा आणि नवं झाकण आणलं. खोक्यावर लिहिलं होतं, 'बसवण्यास लागणारा वेळ : पाऊण तास.'

खोकं छापणाऱ्याला हे कुटुंब माहीत नव्हतं.

नवरा दाताचा डॉक्टर. सासरे चाळीस वर्षं शिंपीकाम करून निवृत्त झालेले. सगळा गाव त्यांना मास्तर म्हणायचा, आणि ते मुलाला, किंचित टोमणा मारल्यासारखं, डॉक्टर म्हणायचे. दहा वाजता डॉक्टर आत शेगडीपाशी आणि मास्तर बाहेर स्टुलावर, असे दोघं भिंतीच्या दोन बाजूंना उभे राहिले. पंख्याला जाणारी विजेची तार काढली. आठ स्क्रू निघाले. जुना पंखा आणि जुनं झाकण दोन्ही निघालं, आणि भिंतीत तळहाताएवढं भोक राहिलं. नवं झाकण त्यापेक्षा जरासंच मोठं होतं. दोन बोटं.

"एवढंच ना," ती म्हणाली.

नवऱ्याने भोकात बॅटरी मारली, मान वाकडी करून आत पाहिलं आणि जो स्वर ऐकून पेशंट खुर्चीचे हात घट्ट धरतात त्या स्वरात म्हणाला, "किडलंय."

"काय?"

"चौकटीचं लाकूड. खालचा कोपरा. पाणी मुरलेलं दिसतंय. वरून झाकण लावलं तर आतल्या आत पसरेल. साफ करायला हवं."

"किती?"

"ते उघडल्यावर कळेल."

तो छिन्नी घेऊन बसला. मऊ लाकडाचे तुकडे पडायला लागले, मग जरा कमी मऊ, मग चांगलेच टणक. "थांब की आता," ती म्हणाली. "निरोगी भाग लागेपर्यंत जावं लागतं," त्याने सगळ्या घराला पाठ असलेलं वाक्य टाकलं. एवढ्यात बाहेरून "काय चाललंय रे?" म्हणत मास्तरांनी भोकाला डोळा लावला. चष्म्यामागचा एक मोठा डोळा भिंतीतून आत आला आणि लुकलुकला.

बाळ हसलं.

नुसतं हसलं नाही. पोटातून, गदागदा, उचकी लागेपर्यंत. असं बाळ आजवर हसलं नव्हतं. तिघंही काम सोडून बघत राहिले. मास्तरांनी डोळा काढला. हसू थांबलं. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

"बुवाऽऽ कुक्!" भिंत म्हणाली.

पुढची वीस मिनिटं दुसरं काहीही झालं नाही.

बारा वाजता किडकं आणि बरंचसं न किडकं लाकूड निघालेलं होतं, आणि भोकातून मास्तरांचा डोळा, नाक आणि अर्धी मिशी दिसायला लागली होती. आता बाहेरचा पत्रा कापायचा. गळ्यात टेप, कानामागे खडू अशा थाटात मास्तरांनी वर्तमानपत्राचा कागद पसरला आणि झाकणाचं माप उतरवलं, जसं आयुष्यभर खांद्याचं आणि छातीचं उतरवलं होतं. मग त्या मापाबाहेर सगळीकडून दोन बोटं सोडून दुसरी रेघ मारली.

"बाबा, वाढीव मी आधीच धरलंय," आतून नवरा म्हणाला.

"असू दे. तू तुझं धर, मी माझं धरतो. डॉक्टर, चाळीस वर्षं कातरी चालवलीय. कापताना नेहमी वाढतं कापावं. कमी काय, कधीही करता येतं."

हे इतकं समजूतदारपणाचं वाटलं की नवऱ्याने मान डोलावली. तिनेही डोलावली. मग ती बाळाची लंगोटी बदलायला आतल्या पलंगावर गेली, आणि तिथे अर्ध्या लंगोटीवर तिला काहीतरी खुपायला लागलं. छत्री कुठेतरी विसरल्यासारखं. बाहेर विजेची करवत घुरघुरत होती. मास्तर कापताना नेहमी गुणगुणत, तसे गुणगुणत होते.

ती उघड्या बाळाला काखोटीला मारून धावली. "बाबा! थांबा! आपण कापड नाही कापत आहोत!"

करवत थांबली. "मग?"

"भोक कापतोय!"

"हो. मग?"

"वाढतं कापलेलं भोक कमी कसं करणार?"

कापून झालेला पत्रा त्याच क्षणी खण्णकन जमिनीवर पडला. मास्तरांनी चष्मा कपाळावर सरकवला. त्यांनी भोकाकडे पाहिलं, हातातल्या कागदाकडे पाहिलं, आणि चाळीस वर्षांचा विश्वास हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावरून उतरला. तो चेहरा आता अख्खा दिसत होता, दोन्ही कानांसकट.

बाळाला वाटलं, हे सगळं आपल्यासाठीच चाललंय. ते टाळ्या पिटत हसलं.

तरी नवं झाकण लावून बघितलंच. मास्तरांनी बाहेरून ते भोकावर धरलं, जरा दाबलं, आणि झाकण कुठेही न अडता, बोलावलेल्या पाहुण्यासारखं सरळ आत येऊन शेगडीवर बसलं.

"वरची कड तिरकी आहे म्हणून," मास्तर म्हणाले. "जरा सरळ केली की अडकेल."

वरची कड सरळ केली. त्यामुळे खालची तिरकी दिसायला लागली. ती सरळ केल्यावर उजवी बाजू खटकली. अडीच वाजता भोकातून मास्तरांचा चेहरा, दोन्ही खांदे आणि त्यांच्यामागे कुंपणावर बसून हे सगळं बघणारं शेजाऱ्यांचं मांजर, एवढं एका चौकटीत मावत होतं. बाळ हसून हसून थकलं आणि आईच्या खांद्यावर तोंड उघडं ठेवून झोपलं.

मग दोघांचं जुंपलं. अर्थात कुजबुजत, कारण बाळ झोपलं होतं.

"मी फक्त किडलेलं काढलं," नवरा दात-ओठ खात फुसफुसला. "चांगला पत्रा तुम्ही कापलात!"

"तुझ्या पेशंटांना विचारायला पाहिजे, दुखत किती होते आणि काढलेस किती!"

"आणि तुमचे कोट?"

"चाळीस वर्षांत एक कोट परत आला नाही!"

"गिऱ्हाईकच परत आलं नाही, बाबा. कोट कोण आणणार?"

"ते सोड. आता भरायचं कसं, ते सांग. तुमच्यात भरतात ना?"

"लाकूड आणायचं, डकवायचं, वाळायला चोवीस तास."

तिघांनी घड्याळाकडे पाहिलं. चोवीस तासांच्या जागी सव्वा तास होता. तिच्या डोळ्यांपुढे तळं आटत चाललं आणि त्या जागी सतरा मांड्या दिसायला लागल्या. टोपी का नाही घातली? टोपी कशाला घातली?

तिने झोपलेलं बाळ नवऱ्याच्या हातात दिलं. शेगडी पेटवली, तवा ठेवला आणि त्यावर पावाचा तुकडा टाकून तो मुद्दाम जाळायला घेतला.

"अगं, हे काय करतेस? भोंपू वाजेल!"

पाव काळा झाला. धुराचा दाट लोट उठला, क्षणभर काय करावं असा घुटमळला, मग त्याला समोर एवढं मोठं दार दिसलं आणि तो शहाण्यासारखा बाहेर चालता झाला. मांजर शिंकलं. छतावरचा भोंपू गप्प राहिला.

"पंख्याचं काम काय होतं?" तिने विचारलं.

"धूर घालवायचं," नवरा चाचरत म्हणाला.

"गेला?"

"गेला."

"बाबा, कोटाच्या खिशावर ती पट्टी असते ना? खाली पडणारी? पाऊस आला, गाडी चालायला लागली, की लावायची. एरवी वर गुंडाळायची."

मास्तरांच्या चेहऱ्यावर सकाळपासून नव्हतं ते तेज आलं. पुढे जे झालं ते बघण्यासारखं होतं. मुक्कामी गाडीबाहेर सावलीला बांधायच्या मांडवाची जाड ताडपत्री कापली. मापात, आणि यावेळी वाढतं धरलेलं खरंच कामाला आलं. शिलाई यंत्र अंगणात आलं. कडेला पायपिंगची बारीक गोट, आतून अस्तर, खाली आणि दोन्ही बाजूंना टिचबटणं. वरच्या काठाला नवऱ्याने लाकडी पट्टी ठोकून, स्क्रू पिळून, रबरी चिकट पट्टीने फट बुजवली, आणि ते काम त्याने खरोखर सुरेख केलं. "दुखलं नाही ना?" असंही भिंतीला विचारलं.

"आतून एक छोटा कप्पा ठेवू का?" मास्तरांनी विचारलं. "चमच्यांना होईल."

"बाबा!"

चारला पाच कमी असताना ताईंची गाडी फाटकात शिरली. ताई उतरल्या, कॅरॅव्हॅनला एक फेरी मारली आणि त्या ताडपत्रीच्या खिशापुढे उभ्या राहिल्या. तिघं रांगेत उभे होते. कुणीही सांगितलं नव्हतं, आपोआपच रांग झाली होती.

"पंखा कुठाय?"

"खोक्यात," नवरा म्हणाला.

"आणि हे?"

"खिसा," मास्तर म्हणाले.

ताईंनी टिचबटणं उघडली. पट्टी गुंडाळली. त्या भल्या मोठ्या चौकटीतून आत डोकावल्या, शेगडी पाहिली, जळका पाव पाहिला, गप्प बसलेला भोंपू पाहिला. तिने नवऱ्याची बाही मुठीत धरली होती.

"धूर जातो?"

"पूर्ण जातो, ताई," ती म्हणाली. "हवं तर अजून एक पाव जाळून दाखवते."

"नको." ताईंनी बटणं एकेक करून लावली. "पास."

तिने इतक्या जोरात श्वास सोडला की बाळाने झोपेतच जावळ खाजवलं.

ताई मात्र हलल्या नाहीत. "आत झोपायच्या जागा किती?"

"चार," नवरा पटकन म्हणाला. "बाळ हिच्याजवळच झोपतं, म्हणजे एक रिकामीच..." तिने बाही ओढली, पण उशीर झाला होता.

ताई आपल्या गाडीकडे गेल्या आणि त्यांनी डिकी उघडली. जिच्यात या चौघांचं सामान भरून न्यायचं होतं, तिच्यात मुंगी शिरायला जागा नव्हती. एक मोठी बॅग, पांघरुणाची वळकटी, सावलीची टोपी आणि जाडजूड कादंबरी.

"सकाळीच भरून ठेवलंय," ताई कुणाकडेही न बघता म्हणाल्या. "तुम्ही नापास झाला असतात, तर काय केलं असतं कोण जाणे. सतरा माणसं आहेत घरात. आंघोळीला मला नंबर लावावा लागतो, माझ्याच घरात. सगळ्यांना सांगून आलेय, बाळाला आणायला जाते म्हणून." मग आवाज इतका खाली आला की पहिल्या बाकालाही ऐकू गेला नसता. "नको असेल तर तसं सांग हं, मोकळेपणी."

तिने ताईंकडे पाहिलं. डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. अशीच वर्तुळं ती दहा महिने रोज आरशात बघत होती, आणि तिला वाटायचं, ती फक्त लहान बाळांच्या आयांनाच असतात.

"खिडकीजवळची जागा घ्या, ताई," ती म्हणाली.

सामान चढलं. बाळ चढवलं. ताई पायरीवर पाय ठेवता ठेवता थांबल्या आणि त्यांनी बोट वर केलं. "एक आधीच सांगते. स्वयंपाकाला मी हात लावणार नाही."

"मीही नाही," ती म्हणाली.

दोघींनी एकदम मागे वळून पाहिलं. डॉक्टर आणि मास्तर आपल्या कामाकडे कौतुकाने बघत अजून भिंतीपाशीच उभे होते.

"एवढा ऐसपैस धूर जातोय म्हणता ना?" ताई म्हणाल्या. "मग आजपासून शेगडी तुमची. आणि डॉक्टर, कांदा बारीक चीर हं. निरोगी भाग लागेपर्यंत नको जाऊस."