नामदेवकाका आणि हात सोडलेली गाडी

दार लावल्यावर फ्रीजमधला दिवा खरंच विझतो का, हे पाहायला आमच्या शेजारच्या नामदेवकाकांनी एकदा स्वतःचा मोबाईल रेकॉर्डिंग चालू करून माझ्या फ्रीजमध्ये मेथीच्या जुडीला टेकवून ठेवला होता. दिवा विझतो, ही खात्री पटली. मोबाईल मात्र त्यानंतर बरेच दिवस सर्दी झाल्यासारखा बोलायचा.

काका मोताळ्याच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये मुनीम होते. आता घरीच असतात आणि गल्लीत येणाऱ्या प्रत्येक नव्या वस्तूची उलटतपासणी घेतात. "त्याले कसं समजते बे?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. ऐकीव गोष्टीवर त्यांचा विश्वास नाही. बाहेर पाऊस आहे म्हटलं, तरी खिडकीतून हात काढून बघतात.

माझी नवी गाडी मोठ्या रस्त्यावर थोडा वेळ स्वतःच चालते, असं मी बोलून गेलो आणि अडकलो. मी समजावलं, की काचेमागचा कॅमेरा रस्त्यावरचे पांढरे पट्टे पाहतो. पुढच्या जाळीमागचं रडार लहरी सोडतं, त्या समोरच्या गाडीवर आपटून परत येतात, त्यावरून अंतर कळतं. मग आतला कॉम्प्युटर ठरवतो, वळायचं की ब्रेक लावायचा. काका म्हणाले, पाहिल्याशिवाय खरं नाही.

मला लोणारला काम होतं. काका सोबत निघाले. घाटात गाडीने काहीच केलं नाही, कारण तिथले पट्टे पुसले गेले होते. काका माझ्याकडे खोटं पकडल्यासारखे पाहत होते. मेहकरजवळ मुद्दाम महामार्गावर चढलो, बटण दाबलं आणि हात उचलले.

वळण आलं, आणि स्टेअरिंग आपोआप फिरलं. काकांचं तोंड उघडं ते उघडंच. पुढचा ट्रक हळू झाला तशी आमची गाडीही हळू झाली. काकांनी दाराची कडी घट्ट धरली होती. खरं सांगायचं तर, मीसुद्धा पहिल्यांदाच हात सोडले होते.

काका हळूच म्हणाले, "चालवनाऱ्याले दिसत नसन तं?"

मी सांगितलं, की स्टेअरिंगजवळ एक कॅमेरा चालवणाऱ्याच्या डोळ्यांवरही लक्ष ठेवतो. नजर रस्त्यावर नसली की गाडी ओरडते आणि मदत बंद करते.

"म्हंजे डोये लागतेच."

"लागतेच, काका."

ड्रायव्हरशिवाय धावणाऱ्या गाड्या परदेशात आहेत, पण त्या ठरलेल्या शहरांतच, हेही मी सांगितलं. पुढे लोणारपर्यंत काकांनी एकही प्रश्न विचारला नाही. याचा मला स्टेअरिंगपेक्षा मोठा धक्का बसला.

लोणारला त्यांनी एका लहानशा घरापुढे गाडी थांबवायला लावली. हात धरून ज्यांना बाहेर आणलं, ते सत्तारभाई. जिनिंगचा ट्रक त्यांनी वर्षानुवर्षं चालवला, आणि काका शेजारी बसायचे. काचबिंदूने सत्तारभाईंची नजर पूर्ण गेली होती. काकांनी त्यांना माझ्या शेजारी बसवलं, स्वतः मागे बसून त्यांच्या कानाशी वाकले आणि मला जुन्या मेहकर रस्त्याने चल म्हणाले.

"उजवीकडे तूर हाय. फुलावर आली. समोरून ट्रॅक्टर येऊन राह्यला, लांब हाय अजून."

सत्तारभाईंचा उजवा पाय चटईवर हळूहळू दाबला जात होता.

"नामदेव, फाट्यावरचा चहाचा ठेला हाय का अजून?"

फाटा आला होता. तिथे एक मोकळा प्लॉट होता, काटेरी तार आणि वाळलेलं गवत. मी आरशात काकांकडे पाहिलं.

"हाय ना," काका म्हणाले. "लय गर्दी हाय. पोरगा बसते आता गल्ल्यावर."

"थांबायचं काय?"

"आज नको. बसाले जागा नाही."

सत्तारभाई हसले, आणि खिडकीतून हात बाहेर काढून त्यांनी त्या मोकळ्या प्लॉटला सलाम केला.