अर्ध्या काठीवरचा झेंडा

समुद्रात बोट कशी हाकावी हे मला कुणी शिकवू नये. उभी हयात मी आमच्या गावची फेरीबोट चालवली. गावातून पलीकडच्या किनाऱ्याला आणि तिथून परत गावाला. गायी, सायकली, नवरदेव, शवपेट्या, सगळं सुखरूप पोचवलं आणि दर संध्याकाळी घरी जेवायला हजर झालो. इतकं पाणी कापलं, पण गेलो कुठं? समोर! तेव्हा माझं ठरलेलं होतं, की निवृत्त झालो की स्वतःच्या शिडाच्या बोटीतून डेन्मार्क सोडायचा आणि मागं न बघता थेट स्पेन गाठायचा.

"आणि मी?" एल्सेबेथनं विचारलं. एल्सेबेथ माझी बायको.

"तूही चल की."

"मला नुसतं धक्क्यावर उभं राहिलं तरी मळमळतं. शिवाय बटाटे कोण काढणार?"

"बटाटे काढायला जन्माला आलोय का आपण? माझा नाही बाबा जीव अडकत असल्या घरादारात."

"बरं," ती म्हणाली आणि माझ्यासाठी लोकरीचे मोजे विणायला बसली. 'जाऊ नकोस' म्हणाली असती तर मला भांडता तरी आलं असतं. हे असं 'बरं' ऐकल्यावर माणसाला जावंच लागतं.

तयारी मी दणक्यात केली. बोटीमागं बांधायच्या होडक्याला दोरी हवी होती. अंगणातल्या झेंड्याच्या काठीला मी नुकतीच नवी कोरी नायलॉनची दोरी लावली होती, तीच काढून घेतली. काठीला जुनी, मध्ये गाठ मारलेली दोरी ओवून दिली.

"ही चालेल ना?" एल्सेबेथनं विचारलं.

"अगं, झेंडाच तर चढवायचाय. तुला काय अटलांटिकमध्ये जायचंय?"

निरोपाला सगळा गाव धक्क्यावर आला. बँड आला. बंदराचा रखवालदार क्रेस्तेन, आमचा शेजारी, गावातर्फे मला दुर्बीण देऊन पिंपावर चढला आणि बोलू लागला, "मंडळी, हा माणूस आयुष्यभर गेला आणि परत आला. आज पहिल्यांदा तो जाणार आहे आणि परत येणार नाही!" त्याची बायको गुद्रुन हुंदके देऊ लागली. एल्सेबेथनं डब्यात राय धान्याचा काळा ब्रेड आणि मुरवलेले मासे दिले आणि म्हणाली, "पाय कोरडे ठेव."

गावासमोर, थोडं डावीकडं एक बेट आहे. मेंढ्या सोडल्या तर तिथं कुणी राहत नाही. त्याच्या मागं गेलो आणि मी नांगर टाकला. म्हटलं, चांगला वारा सुटेपर्यंत थांबू. वारा चांगलाच होता, पण मला आणखी चांगला हवा होता.

दुसऱ्या दिवशी बेटावरच्या टेकडीवर चढलो आणि दुर्बीण लावली. दुर्बीण चालते का हे बघायला नको का? चालत होती. एल्सेबेथ अंगणात चादरी वाळत घालत होती. वाऱ्यानं एक चादर तिच्या डोक्यावर आली आणि ती आतल्या आत चाचपडत राहिली. एरवी अशा वेळी मी जाऊन ती बाजूला करायचो. तिसऱ्या दिवशी तिनं बटाट्याचा पहिला वाफा खणला. एकटीच होती. फावडं जड आहे ते. मी टेकडीवर मेंढ्यांमध्ये पालथा पडून तिची पाठ बघत राहिलो.

आता तुम्ही म्हणाल, मग जायचं ना घरी. कुठल्या तोंडानं? बँड वाजला होता. अर्ध्या गावाला मी स्पेनहून पत्रं पाठवायचं कबूल केलं होतं. मोबाइल तेव्हा कुणाकडं नव्हते, नाहीतर निदान खोटं तरी बोललो असतो. पुढं जाववेना आणि मागं फिरवेना. आठवडा उलटला. ब्रेड संपला, मासे संपले, आज वार कोणता हेही कळेनासं झालं.

आणि एके सकाळी दुर्बीण लावली तर आमच्या अंगणात झेंडा होता. अर्ध्या काठीवर.

आमच्याकडं वाढदिवसाला झेंडा काठीच्या टोकापर्यंत चढतो. घरात कुणी गेलं, तर अर्ध्यावर थांबतो. आणि आमच्या घरात आता एकच माणूस होतं.

मी दुर्बीण पुसली. पुन्हा बघितलं. गुद्रुन काळा कोट घालून फुलं घेऊन आत जात होती. क्रेस्तेननं टोपी काढून हातात धरली होती. त्यांच्यामागं आणखी माणसं येत होती, हळूहळू, मान खाली घालून. एल्सेबेथ कुठंच दिसत नव्हती. मी तिला खिडकीत शोधलं, वाफ्यात शोधलं, दोरीवरच्या चादरींमागं शोधलं. ती कधी चक्कर येऊन पडली असेल, आणि मी मात्र आठवडाभर समोर पालथा पडून होतो!

होडकं बेटावरच टाकून मी पोहत बोट गाठली. इंजिन सुरू होईना. शीड उभारलं, तर वारा बरोब्बर घराकडून येणारा, स्पेनला जायला अगदी झकास! ज्या वाऱ्याची वाट बघतोय असं मी स्वतःला सांगत होतो, तो नेमका आत्ता सुटला होता. तिरके तिरके पट्टे मारत, रडत, वाऱ्याला शिव्या देत मी धक्क्याला लागलो. लागलो म्हणजे आदळलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

परसदारानं स्वयंपाकघरात शिरलो. आतून क्रेस्तेनचा आवाज येत होता.

"थोरवाल्ड माणूस सोन्यासारखा होता. थोडा हेकट होता, पण–"

"तो गेलेला नाही, क्रेस्तेन," हा आवाज एल्सेबेथचा. "किती वेळा सांगू? तो समोरच्या बेटामागं आहे."

"हो हो, बेटामागं आहे," गुद्रुन हळुवारपणे म्हणाली, जसं तापात बरळणाऱ्या पोराशी बोलतात. "तू बस बघू. थोडी कॉफी घे."

"अगं बाई, झेंडा अडकलाय, एवढंच! दोरीची गाठ कप्पीत जाऊन बसली. वरही जाईना, खालीही येईना."

"बिचारी," कुणीतरी कुजबुजलं. "मान्यच करत नाहीये."

मी दार ढकललं. एल्सेबेथ हातात किटली घेऊन उभी होती. धडधाकट. मी तिथंच जमिनीवर बसलो आणि लहान मुलासारखा रडलो. गुद्रुनच्या हातातला केक खाली पडला, क्रेस्तेननं डोक्यावर टोपी घातली आणि पुन्हा काढली.

"पाय ओले आहेत तुझे," एल्सेबेथ म्हणाली.

माणसं गेली, पण लवकर नाही. मेलेला माणूस जेवताना बघायला कुणाला आवडत नाही? शेवटी आम्ही दोघंच टेबलाशी उरलो. समोर नवे बटाटे होते, लोणी घातलेले.

"तुला कसं कळलं मी बेटामागं आहे ते?"

"मी इथं खिडकीत उभी होते. तुझी डोलकाठी बेटाच्या या टोकाला आत गेली. मी भांडी घासली, पुसली, लावून ठेवली, तरी त्या टोकातून बाहेर आली नाही."

"मग मला बोलवायचं ना!"

"बोलावलं असतं तर मरेपर्यंत ऐकवलं असतंस, की बायकोनं स्पेनला जाऊ दिलं नाही."

मी बटाटा खाल्ला. मग आठवण झाली.

"पण आज झेंडा कशाला चढवायला गेलीस?"

"तुझा वाढदिवस आहे आज."

"मी घरात नसताना?"

"तिथून तुला दिसेल म्हणून."

मी तिचा हात धरला. हाताला अजून वाफ्यातल्या मातीचा वास होता. घरादारात आपला जीव अडकत नाही असं म्हणणारा मूर्ख मीच होतो, आणि ते मी तिला तिथंच सांगून टाकलं. ती म्हणाली, "बरं."

तेव्हापासून दर उन्हाळ्यात मी बोट काढतो. कुणी म्हणू नये की थोरवाल्डनं समुद्र सोडला. एल्सेबेथ रोज झेंडा चढवते, नव्या दोरीवर, आणि मी तो दुर्बिणीतून दिसतो तिथपर्यंत जातो. दिसेनासा झाला की वळतो आणि संध्याकाळी जेवायला हजर असतो.

गेल्या वसंतात मी अंगणातली काठी बदलली. नवी चांगली दुप्पट उंच आहे. शेजाऱ्यांना सांगितलंय, की जुनी कुजली होती.