पागेलबाईंच्या विटांची हकीकत

महायुद्ध सरोन दुसरे साली, बर्लिन शहरी, पडक्या गोटलिब गल्लीत जे वर्तमान जाहले, ते खरेखोटे निवडोन लिहिले असे.

चित्रपट-दिग्दर्शक राजश्री ओटमार रीडेल यांचे गाठी कोऱ्या फिल्मचा एकच डबा शिल्लक, आणि शेवटचा प्रसंग घ्यावयाचा राहिला. तो वाया जाता तर सारे चित्र अधुरे राहते. मसलत ठरली ऐसी की, नायक कैदेतून घरी येतो, घराचे जागी विटांचा ढीग पाहतो आणि त्यावर बसोन रडतो. ढीग पसंत करोन स्वारी मुक्कामी गेली. मग सकाळी कॅमेरा आणि नायक वेर्नर लोके यांसह सरंजाम दाखल होतो तो ढीग नाही. ढिगारे उपसणाऱ्या बायांच्या सरदार एर्ना पागेल यांस खबर लागली की आपले गल्लीचे चित्र घेणार; म्हणोन त्यांनी पहाटेस फौजेनिशी एकएक वीट हातोडीने खरवडोन कोटाचे तटासारखी रचिली, आणि वर रस्ताही झाडला.

रीडेल मटकन बसले. "पागेलबाई, मला पडझड हवी होती हो."

"मग आधी सांगायचं. चार लोक बघणार म्हटल्यावर पसारा ठेवायचा?"

अखेर तह जाहला. चित्रमंडळीचे वाट्याचे गरम सलगम-सूप बायांनी प्यावे आणि विटा विस्कटाव्या. बाईंनी विस्कटिल्या, परंतु तोंड फिरवोन.

"रडून झालं की हाक मारा. आवरायचं आम्हालाच आहे."

डबा कॅमेऱ्यावर चढला. लोके रडो लागले आणि रडणे लांबले. बाईंस धीर निघेना. त्या थेट कॅमेऱ्यापुढे गेल्या, "सरक जरा, बाळा" म्हणोन लोके यांचे बुडाखालील वीट ओढिली, खरवडिली आणि त्यांचेच हाती दिली. लोके खरेच कैदेतून सुटोन आले होते. त्यांनी ती ओळीत रचिली, मग दुसरी, आणि मागे बायांची साखळी आपसूक लागली. रीडेल "थांबा" म्हणावयास उघडलेले तोंड मिटणे विसरले. साखळी चालता चालता फिल्म सरली.

हिवाळ्यात लोक तिकिटासोबत शेगडीसाठी कोळसा घेऊन थिएटरी आले आणि चित्र संपोनही कोणी उठेना. रीडेल यांची फत्ते जाहली.

दिवे लागताच प्रेक्षकांत बसलेल्या पागेलबाई म्हणाल्या, "तिसऱ्या ओळीतली वीट वाकडी बसलीय. त्या पोराला कुणी शिकवलंच नाही."

आणि सकाळी गोटलिब गल्लीत जाऊन ती सरळ करोन आल्या. दोहींत ही फत्ते थोर, ऐसी नोंद केली असे.