रिजेक्ट मालाची सहल

वाळूजच्या एका परदेशी कंपनीत दुचाकींचे ब्रेक शू बनतात. तिथले क्वालिटी मॅनेजर नानासाहेब यांना मुख्य कार्यालयातून निरोप आला की, या खेपेला ऑडिटमध्ये मोठी खोट निघाली तर प्रमाणपत्र जाईल, आणि त्याच्यामागं नानासाहेबही जातील. नेमकी त्यांच्या मुलीची, श्रेयाची, सोयरीक जमली होती. जमली होती तीही ‘जर्मन कंपनीत मॅनेजर’ एवढ्या भांडवलावर.

तेव्हा रिवाजाप्रमाणं ऑडिटच्या सकाळी सगळा रिजेक्ट माल टेम्पोत भरला गेला. ऑडिट आटपेपर्यंत टेम्पोनं बाहेर हिंडायचं आणि संध्याकाळी परतायचं. कंपनीच्या भाषेत याला ‘फिरता साठा’ म्हणतात.

“कुठं जाऊ साहेब?” ड्रायव्हर कचरूनं विचारलं.

“कुठंही जा. दिसू नको म्हणजे झालं.”

पुण्याहून ऑडिटर मोनिका मॅडम आल्या. रिजेक्ट माल ठेवायचा लाल पिंजरा त्यांनी पाहिला. पिंजरा रिकामा, धुतलेला, आणि हौस बघा, पुढं रांगोळी.

“तुमचा रिजेक्ट माल कुठंय?”

“निघतच नाही मॅडम,” नानासाहेब नम्रपणे म्हणाले. “देवाची कृपा.”

“एकही नाही? म्हणजे तुम्ही माल तपासतच नाही. यापेक्षा मोठी खोट कोणती? जेवण झाल्यावर पुन्हा बघते, मग लिहिते.”

नानासाहेब घाईनं बाहेर आले. त्यांनी कचरूला फोन लावला.

“माल घेऊन आत्ताच्या आत्ता ये.”

“म्या लासूर स्टेशनला हाय साहेब. तुमीच म्हणले दिसू नको. हितं बाजार हाय, गाडी हलंना. संध्याकाळ व्हईल.”

आता बोला. नानासाहेबांची नजर गिऱ्हाइकाच्या ट्रकची वाट बघत ठेवलेल्या तयार मालाच्या खोक्यांवर गेली. त्यांनी हातोडे मागवले.

“सर, ह्यो पास झालेला माल हाय,” तपासणी बघणारी रूपा म्हणाली.

“म्हणून तर नीट फोडा. प्रत्येकाची खोट वेगळी दिसली पाहिजे.”

शिकल्यासवरल्या इंजिनिअरांनी जेवण सोडून चांगला माल बिघडवला. एकानं इतकी सुबक चीर पाडली की नानासाहेबांनी त्याची पाठ थोपटली. भरलेला पिंजरा पाहून मॅडम प्रसन्न झाल्या. “बघा, शोधलं की सापडतं,” म्हणाल्या आणि सही करून पुण्याला गेल्या.

संध्याकाळी माल न्यायला ट्रक आला, तर द्यायला खोकीच नाहीत. तेवढ्यात कचरूचा टेम्पो आत शिरला, काठोकाठ भरलेला. नानासाहेबांनी एकदा ट्रककडं पाहिलं, एकदा टेम्पोकडं.

“सर, ह्यो माल तर...” रूपा अडखळली.

“माल आपल्याच कंपनीचा ना? आणि कंपनी आजच पुन्हा प्रमाणित झाली ना? मग लावा ‘पास’चं स्टिकर आणि भरा ट्रकात.”

श्रेयाचं लग्न थाटात झालं. जावयाला मोटारसायकल दिली. तिचे ब्रेक शू मात्र नानासाहेबांनी उभं राहून दुसऱ्या कंपनीचे बसवून घेतले. सासऱ्याची माया म्हणतात ती हीच.

तुम्ही जिवाला घोर लावून घेऊ नका. गाडी घेताना तुम्ही ॲव्हरेज विचारलं, रंगासाठी घरात भांडलात, नारळही फोडलात. ब्रेकचं काही विचारलं नाहीत. विचारलं असतं तरी शोरूमवाल्यांनी स्टिकर दाखवलं असतं, आणि तुमचं समाधान झालं असतं.